धातूचे ठिपके आणि नळीचे नाक

२००० सालच्या पहिल्या तीन महिन्यांत 'सायन्स' या अमेरिकी साप्ताहिकाने कार्बन नॅनोट्यूबवर दोन शोधनिबंध छापले. पहिला २८ जानेवारीच्या अंकात आला. तो स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या होंगजी दाई यांच्या प्रयोगशाळेतला होता आणि लेखकांत पहिले नाव जिंग काँग या त्यांच्या विद्यार्थिनीचे होते. दुसरा १० मार्चला आला, कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीहून, अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाकडून. पहिला सांगत होता, या नळीला विषारी वायू कळतो. दुसरा सांगत होता, तिला साधा ऑक्सिजनसुद्धा कळतो, आणि तो इतका, की उघड्या हवेत या नळ्यांवर आजवर झालेली मोजमापे पुन्हा तपासून घ्यावीत. पहिली बातमी आनंदाची होती. दुसरीने तिच्यातली हवाच काढून घेतली असती, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणाऱ्याला कुणी राखणीला ठेवत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे या नळीला निवड शिकवण्याची खटपट, आणि त्या खटपटीत सर्वांत जास्त उपयोगी पडला तो धातू.

स्टॅनफर्डचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. सिलिकॉनच्या चकतीवर दोन धातूच्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये आडवी पडलेली एकच नळी. नळीची भिंत एका अणूच्या जाडीची, व्यास दोन नॅनोमीटरच्या आत-बाहेर. ही चकती पाचशे मिलिलिटरच्या काचेच्या चंबूत बंद केली, तारा बाहेर काढल्या आणि आर्गॉनच्या झोतातून नायट्रोजन डायऑक्साइड सोडला. दहा लाखांत दोनशे भाग, म्हणजे २०० पीपीएम. दहा सेकंदांच्या आत नळीची वहनक्षमता सुमारे हजारपट झाली. मग अमोनिया सोडला, एक टक्का. मिनिट-दोन मिनिटांत वहनक्षमता शंभरपटीने उतरली.

याचे कारण नळीच्या घडणीत आहे. तिच्यात 'आत' असे काही नसतेच. सगळेच्या सगळे अणू पृष्ठभागावर, हवेच्या तोंडी. अर्धवाहक जातीच्या अशा नळीतून हवेत जी वीज वाहते ती प्रामुख्याने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमधून, ज्यांना 'होल' म्हणतात. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, रिकाम्या जागा वाढतात, प्रवाह वाढतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, रिकाम्या जागा भरतात, प्रवाह घटतो. आणि हे सगळे खोलीच्या तापमानाला, काहीही न तापवता. या शेवटच्या गोष्टीने लोक हरखून गेले होते, आणि ते का, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

पण त्याआधी त्या प्रयोगातल्याच दोन अडचणी. पहिली ही, की वायूचा झोत बंद केल्यावर नळी पूर्वपदावर यायला बारा-बारा तास लागत; नाहीतर तिला तासभर २०० अंश सेल्सिअसला तापवावे लागे. दुसरी आकड्यांची. भारताने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलेल्या मानकांप्रमाणे नायट्रोजन डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण ४२ पीपीबी, अब्जात बेचाळीस भाग. चंबूत सोडलेला वायू त्याच्या साडेचार हजार पटींहून जास्त होता. तिथून रस्त्यावरच्या हवेपर्यंतचे अंतर बरेच मोठे होते.

वायूने वीजप्रवाह बदलतो, हे काही नॅनोट्यूबवाल्यांनी शोधलेले नव्हे. १९५३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या कामातून वॉल्टर ब्रॅटन आणि जॉन बार्डीन यांनी जर्मेनियमच्या पृष्ठभागाचे गुणधर्म भोवतालच्या वायूनुसार बदलतात हे दाखवले. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही कटकट होती. जपानी शास्त्रज्ञांनी त्याच कटकटीचे उपकरण केले. १९६२ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा तापवलेला पापुद्रा वायू ओळखतो हे प्रसिद्ध केले, आणि त्याच साली नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा जपानी घरांत एलपीजीची सिलिंडरे नुकतीच येऊ लागली होती आणि गळतीने स्फोट होत होते. तागुचींनी टिन ऑक्साइडची भुकटी भाजून घट्ट केली, आत तापवायची तार घातली आणि भुकटीत पॅलेडियमचा अंश मिसळला. १९६९ मध्ये ओसाकाजवळ त्यांनी 'फिगारो' ही कंपनी काढली. घराघरांत लागलेल्या गॅस-अलार्मांच्या पोटात पुढे कितीतरी वर्षे हीच गोळी होती.

पॅलेडियम का? निव्वळ टिन ऑक्साइड सुस्त असतो. पॅलेडियमचे कण वायूचे रेणू धरून ठेवतात, फोडतात आणि शेजारच्या ऑक्साइडकडे ढकलतात. म्हणजे 'धातूने सजवलेला' संवेदक ही कल्पना सजवलेल्या नॅनोट्यूबच्या तीसएक वर्षे आधीच बाजारात विकली जात होती. तिच्या मर्यादाही तितक्याच जुन्या. गोळी दोनशे ते चारशे अंशांपर्यंत सतत तापलेली ठेवावी लागते, म्हणून वीज खाते. आणि जळू शकणारे सगळेच वायू तिला जवळपास एकसारखे. गळका सिलिंडर आणि स्वयंपाकात ओतलेली मद्याची वाफ यांत तिला फरक करता येत नसे.

आता नळीची जन्मकथा. ती अनेकदा १९९१ पासून सांगतात, जेव्हा त्सुकुबा येथील एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इइजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकात एक बसलेल्या कार्बनच्या नळ्या पाहिल्या. पण १९५२ मध्ये राडुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे रशियन नियतकालिकात छापली होती, ती बाहेर फारशी कुणी वाचली नाहीत. इइजिमांच्या पाठोपाठ १९९२ मध्ये त्याच एनईसीत थॉमस एबेसन आणि मूळचे केरळचे पुलिकेल अजयन यांनी या नळ्या ग्रॅमच्या मापात बनवण्याची रीत दिली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना कच्चा माल मिळाला. तरी या सगळ्या अनेक भिंतींच्या नळ्या होत्या. एकाच भिंतीची नळी १७ जून १९९३ च्या 'नेचर'मध्ये दोन ठिकाणांहून एकदमच आली: इइजिमा आणि इचिहाशी यांनी लोखंड वापरले होते, कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या डोनाल्ड बेथ्यून यांच्या गटाने कोबाल्ट.

ही लोखंड-कोबाल्टची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या प्रयोगांत धातूच्या कणांवाचून एकेरी भिंतीची नळी उगवतच नव्हती. म्हणजे नळीबरोबर धातू जन्मापासून येतो. मग रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे आम्लांत उकळून तो काढून टाकायचा घाट घातला, आणि त्यानंतर आपण पाहणार आहोत तसा पुन्हा मुद्दाम चढवला.

तो पहिल्यांदा चढवला जिंग काँग आणि दाई यांनीच, २००१ मध्ये. चकतीवरच्या नळीवर पॅलेडियमची वाफ बसवली, आणि तीही इतकी विरळ, की सलग थर होऊच नये, नुसते ठिपके उमटावेत. कोऱ्या नळीला हायड्रोजनचा पत्ता लागत नव्हता. ठिपक्यांच्या नळीचा प्रवाह मात्र ४०० पीपीएम हायड्रोजनने काही सेकंदांत निम्म्यावर आला, आणि हायड्रोजन थांबवून हवा सोडली की काही मिनिटांत परत चढला. पॅलेडियमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, त्याचे अणू धातूत विरघळतात, धातूला इलेक्ट्रॉन सोडणे सोपे जाते, ते नळीत उतरतात आणि तिथल्या रिकाम्या जागा भरून काढतात. हवेतला ऑक्सिजन आला की धातूतल्या हायड्रोजनशी जोडी जमवून पाणी होतो आणि पाटी कोरी. बारा तासांची अडचण, निदान या एका वायूपुरती, सुटली.

यातला रसायनाचा भाग व्हिक्टोरियन काळातला आहे. पॅलेडियम हायड्रोजन पितो हे लंडनच्या थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ च्या सुमाराला मोजून दाखवले होते. स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट. आणि मुळात हा धातू जगापुढे आला तोच चमत्कारिक रीतीने. १८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात 'नवी चांदी' विक्रीस असल्याचे निनावी पत्रक निघाले. कुणा रसायनशास्त्रज्ञाने ती विकत घेऊन ही लबाडी असल्याचे जाहीर केले, तेव्हाही विकणाऱ्याने आपले नाव सांगितले नाही. तो विल्यम वोलास्टन होता, हे कळायला पुढे दोनएक वर्षे गेली. प्लॅटिनम शुद्ध करण्याची आपली रीत इतरांना कळू नये म्हणून केलेला हा उद्योग. शास्त्रज्ञ निरिच्छ असतात असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

हायड्रोजन मात्र प्रदूषक नव्हे. प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा होता, बंद खोलीतल्या शेगडीपासून मोटारीच्या धुराड्यापर्यंत सगळीकडे सापडणाऱ्या वायूचा. आणि इथे २००३ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेहून एक उलटतपासणी आली. तिथल्या एलेत्रा या सिंक्रोट्रॉन केंद्रात आंद्रेआ गोल्दोनी आणि सहकाऱ्यांनी नळ्या अतिशय उच्च तापमानाला भाजून आतली घाण काढली, उरलेला उत्प्रेरक धातू आणि शुद्धीकरणातून आलेले सोडियमसुद्धा. मग एकेक वायू सोडून पाहिला. ऑक्सिजन, पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड: स्वच्छ नळी ढिम्म. नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया यांना मात्र ती पूर्वीसारखीच उत्तर देत होती. बर्कलीच्या निबंधातले ऑक्सिजनचे वेड निदान अंशतः नळीचे नव्हतेच. ते तिच्या अंगावरच्या मळाचे होते. आयबीएमच्या संशोधकांनी वर्षभर आधीच आणखी एक धागा पुढे आणला होता. ऑक्सिजन नळीच्या मधल्या भागापेक्षा तिची टोके जिथे धातूच्या पट्टीला टेकतात त्या जोडावर काम करतो, असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा कागद त्रिएस्तेचा. विक्रमी संवेदनशीलतेचे आकडे छापणारे पुष्कळ असतात. आपण जे मोजतो आहोत ते नक्की कशाचे आहे, हे विचारणारे थोडे. शिवाय त्यातून पुढची दिशा आपोआप निघाली. कोऱ्या नळीला कार्बन मोनॉक्साइड कळत नसेल, तर ते कळणारा धातू तिच्यावर बसवायचा. प्रश्न एवढाच, की कोणता?

त्याचे उत्तर शोधायला कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल गावच्या नॅनोमिक्स या छोट्या कंपनीतल्या अलेक्झांडर स्टार आणि सहकाऱ्यांनी सरळ अठरा धातू घेतले. त्यांचा निबंध २००६ मध्ये आला. हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड: प्रत्येक वायूला प्रत्येक धातू काय म्हणतो ते त्यांनी नोंदले. अठरांपैकी एकही असा निघाला नाही, की जो एकाच वायूला उत्तर देतो आणि बाकीच्यांना नाही. तेव्हा त्यांनी वेगळी युक्ती केली. एकाच चकतीवर नळ्यांची विणलेली, पण एकमेकांपासून तोडलेली जाळी तयार केली. चकती धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि फक्त एका जाळीला वीज द्यायची. धातू तेवढ्याच जाळीवर बसतो. मग द्रावण बदलायचे, दुसऱ्या जाळीला वीज द्यायची. अशा रीतीने पॅलेडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि सोने शेजारीशेजारी बसले. वायू कोणता, हे एकटी कोणतीच जाळी सांगू शकत नव्हती. सगळ्यांचे आकडे एकत्र ठेवून आकृतिबंध ओळखणाऱ्या गणिताने निवाडा केला. हवेतल्या प्रदूषणाचे मापन हा या चकतीचा एक उपयोग म्हणून त्यांनी स्पष्ट लिहिला होता.

त्या धातूंमध्ये सोने पाहून जुन्या पिढीचा रसायनशास्त्रज्ञ हसला असता. सोने कशाशीच संग करत नाही, म्हणून तर ते सोने. पण १९८७ मध्ये मासाताके हारुता यांनी जपानमध्ये दाखवून दिले होते, की सोन्याचे कण पाच-दहा नॅनोमीटरपर्यंत बारीक करून ऑक्साइडवर बसवले, तर ते कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन शून्याखालच्या तापमानालाही घडवतात. स्टार पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि तिथे २०१० मध्ये त्यांच्या गटाने सोन्याच्या ठिपक्यांचा हिशेब उलगडला: सोने बसताना नळीतले इलेक्ट्रॉन सोन्याकडे सरकतात, आणि सोन्यावर कार्बन मोनॉक्साइड येऊन चिकटला की इलेक्ट्रॉनचा काही भाग नळीकडे परत येतो. विजेच्या मीटरवर दिसतो तो हा परतीचा प्रवास.

युरोपात हेच काम दोन ठिकाणी नेटाने चालले. दक्षिण इटलीतल्या ब्रिंदिसीला मिकेले पेंझा यांनी नळ्यांच्या दाट थरांवर प्लॅटिनम आणि सोन्याचे पुंजके बसवले आणि नायट्रोजन डायऑक्साइड १०० पीपीबीपर्यंत ओळखला. पुढे अशाच संवेदकांचा संच त्यांनी कचराभूमीतून निघणाऱ्या वायूंसाठी वापरून पाहिला. पण त्यांचे संवेदक तापवलेले होते. खोलीच्या तापमानाचा मूळ डौल इथे मुकाट्याने बाजूला ठेवला गेला. तिकडे स्पेनच्या तारागोनात एदुआर्द योबेत यांच्या गटाने बेल्जियमच्या मदतीने बेंझीनच्या मागे लागायचे ठरवले. शुद्ध नळीची भिंत फार गुळगुळीत असते. धातूचे अणू तिच्यावर ठरत नाहीत, घरंगळून एकमेकांना चिकटतात आणि मोठे गोळे होतात. म्हणून त्यांनी आधी ऑक्सिजनच्या प्लाझ्माने भिंतीला बारीक खोचा पाडल्या आणि त्या खोचांत ऱ्होडियमसारखे धातू बसवले. पीपीबीच्या पातळीवरचा बेंझीन त्यांना न तापवता पकडता आला.

अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात जिंग ली यांनी वेगळा मार्ग धरला होता. एकेका नळीच्या नादी न लागता त्यांनी नळ्यांचे द्रावण करून पट्ट्यांच्या जाळीवर थेंब टाकला आणि वाळवला. २००३ मध्ये त्यांनी नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४४ पीपीबीची मर्यादा गाठली, आणि नळी लवकर मोकळी व्हावी म्हणून तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला. दुसऱ्याच वर्षी पॅलेडियम लावलेल्या नळ्यांनी खोलीच्या तापमानाला मिथेन पकडला. मार्च २००७ मध्ये अमेरिकी नौदल अकादमीच्या मिडस्टार-१ या उपग्रहातून एम्सचा संवेदक अंतराळातही जाऊन आपले काम करून दाखवून गेला. त्याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेत, मुंबई आयआयटीतून गेलेले निखिल कोरटकर आणि एव्हाना तिथे आलेले अजयन यांनी नळीच्या टोकावर वायूचे विद्युत-भंजन घडवून प्रत्येक वायूची ओळख पटवण्याची रीत २००३ मध्ये दिली. तिच्यात वायू नळीला चिकटण्याची गरजच नव्हती, म्हणून धातूही नव्हता; ती वाट निराळी.

मग रस्त्यावर काय झाले? फार नाही. नळ्या बनतात तेव्हा ढोबळमानाने तिसरा हिस्सा धातूसारख्या वाहक आणि बाकीच्या अर्धवाहक निघतात, आणि घाण्यागणिक मिश्रण बदलते. आज बनवलेली चकती आणि पुढच्या महिन्यात बनवलेली चकती यांचे आकडे जुळत नाहीत. धातूचे ठिपके गंधकाच्या संयुगांनी मरतात किंवा हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात. आणि दमटपणा. दाईंच्याच प्रयोगशाळेने २००३ मध्ये दाखवले, की चकतीवरच्या सिलिकॉन डायऑक्साइडला धरून बसलेले पाणी नळीच्या मोजमापात घोळ करते. व्होल्टेज चढताना प्रवाह एक आणि उतरताना दुसरा दिसतो. नॅनोमिक्स कंपनी पुढे वायू सोडून वैद्यकीय चाचण्यांकडे वळली. आज स्वस्तातल्या हवा-मापन पेट्यांत नायट्रोजन डायऑक्साइडसाठी बहुधा विद्युत-रासायनिक सेल असतो, आणि घरगुती गॅस-अलार्मात अजूनही तागुचींचा टिन ऑक्साइड भेटतो.

शहरांची अधिकृत केंद्रे, म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने हवेच्या मापनाच्या 'सफर' योजनेत दिल्ली, पुणे, मुंबईत उभारली त्या प्रकारची, नायट्रोजन डायऑक्साइड रासायनिक प्रकाशाच्या पद्धतीने मोजतात. नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी भिडला की प्रकाश पडतो, तो मोजायचा. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र असा उजळत नाही. त्याला आधी सुमारे ३२५ अंशांच्या मॉलिब्डेनमवरून नेऊन नायट्रिक ऑक्साइड करावा लागतो. आणि गंमत अशी, की तो मॉलिब्डेनम नायट्रिक आम्ल आणि नायट्रोजनची आणखी काही संयुगेही त्याच हिशेबात धरतो. म्हणजे काही लाखांच्या संदर्भयंत्रातही निवडीचे काम एका तापलेल्या धातूकडेच आहे, आणि तोही थोडी चूक करतोच. फरक एवढाच, की त्याची चूक किती आणि कोणत्या दिशेला, हे मोजलेले आणि लिहिलेले असते. नॅनोट्यूबच्या संवेदकाला अजून ती वही मिळालेली नाही. माझ्या मते त्याला गरज आहे ती आणखी एका विक्रमी आकड्यापेक्षा त्या वहीची.

तेव्हा 'नॅनो-संवेदक' असे ठळक छापलेली पेटी तुमच्या सोसायटीला, शाळेला किंवा नगरपालिकेला विकायला कुणी आला, तर किती पीपीबीपर्यंत ओळखतो हे विचारत बसू नका. तो आकडा चांगलाच असणार. ती पेटी जून ते सप्टेंबर, म्हणजे दमट पावसाळाभर, सरकारी केंद्राच्या यंत्राशेजारी ठेवली होती का, हे विचारा, आणि ठेवली असेल तर दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी लिहून मागून घ्या.